चिंबोरीचा पुढचा पाय

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, कुठल्या गाडीतून निघाले ते कुणालाच आठवत नाही असे नट-बोल्ट, आणि दुसरे किस्से. नट-बोल्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से तो घेत नाही, म्हणून मी ते तुमच्या गळ्यात मारते!

बाबांच्या मागे पनवेलचं हे गॅरेज मी चालवते. म्हणजे आरडाओरडा मी करते, काम यासीनभाई करतात. वेल्डिंगला त्यांच्यासारखा हात आमच्या भागात नाही. बाबांचे जुने दोस्त. मला अजून 'बेटा' म्हणतात आणि अजून माझं काडीचंही ऐकत नाहीत.

आजचे सगळे किस्से एकाच गाडीचे.

* * *

ती आली टेम्पोत बसून. मालक करंजाचा धनेश. घरच्या मासेमारीच्या बोटी आणि डोक्यात स्पोर्ट्स कारचं खूळ. तयार गाडी घेईल तर तो धनेश कसला! त्याने किट मागवलं. सगळे पार्ट खोक्यांतून येतात, आपण घरी बसून जोडायचे.

दोन सीट, छप्पर नाही, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, पाइपांच्या तिकोनी आर्मवर. अगदी चिंबोरी, म्हणजे समुद्रातला खेकडा, पाय पसरून बसते ना, तशी. आम्ही नावही तेच ठेवलं.

पुढच्या डाव्या आर्मला चीर गेली होती. मी विचारलं, "जोडताना काही चुकलं नाही ना?"

"नाय ओ ताई! पुस्तकात बगून जोडलीय." असं म्हणून त्याने टेबलावर एक पिशवी ठेवली. आत बोल्टच बोल्ट. "ह्ये उरलं. कंपनीवाल्यांचं मन मोठं, जास्तीच पाठवतात!"

ते बोल्ट कुठे बसायला हवे होते, ते शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला.

* * *

यासीनभाईंनी आर्म काढला, घासला, वेल्ड मारला आणि शिवाय आतून पट्टीही लावली. "अब हाथी बिठा!"

"हत्ती नाय चाचा, पन माजी आत्या बसंल," धनेश म्हणाला.

गाडी बरी झाली म्हणजे नारळ फोडायलाच हवा. मी दगड आणायला आत वळले, तेवढ्यात या पठ्ठ्याने नारळ उचलला आणि दिला दाणकन बॉनेटवर! बॉनेट फायबरचं. नारळ शाबूत, बॉनेट फुटलं!

मी कपाळाला हात लावला. यासीनभाईंनी शांतपणे फायबरचा एक तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "लो बेटा, परसाद."

* * *

उलव्याला एका हवालदारसाहेबांनी चिंबोरी अडवली. चारही बाजूंनी बघितलं.

"हे काय आहे?"

"गाडी हाय, साहेब."

"आणि बाकीची कुठंय?"

मग साहेबांना बसून बघायचा मोह झाला. बसले छान. उठता येईना! धनेश आणि एक रिक्षावाला, दोघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं.

"मग कागद बघितले का?" धनेश हे सांगायला आला तेव्हा मी विचारलं.

"कागद कसले! म्हनले, कुनाला सांगू नको आनि पटकन नीघ."

* * *

आर्मला पुन्हा चीर गेली. नवीन पाइप घालून वेल्ड मारला, तरी पुन्हा गेली! आता उजव्यालाही.

नाक्यावरच्या चहावाल्याकडे शेजारचा गॅरेजवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यासीनचा हात गेला आता." माझ्या हातातला चहा त्याच्या बुटावर सांडला. सांडला म्हणजे, मी सांडला!

पण यासीनभाईंनी ते ऐकलं होतं. ते जेवायचे थांबले, हसायचे थांबले. तिसऱ्यांदा वेल्ड मारून झाल्यावर म्हणाले, "बेटा, अब टूटा तो मी वेल्डिंग बंद करतो. माणसं बसतात या जोडावर." मला एवढं वाईट वाटलं! यासीनभाईंशिवाय गॅरेज म्हणजे नुसती पत्र्याची शेड.

सगळा राग धनेशवर काढला. "खरं सांग, खड्ड्यात घालतोस? रेस लावतोस?"

"आईशप्पथ ताई, चालवताना फुलावानी चालवतो!"

* * *

रविवारी धनेशने आम्हाला करंजाला जेवायला बोलावलं. यासीनभाई इस्त्रीचा कुर्ता घालून आले, पण तोंड उतरलेलं. "जोड बघायला येतो. जेवायला नाही."

धनेशचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला, चढावर. गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरडा ऐकू आला. वळून बघतो तर चिंबोरी चढावर, खाली फळ्या घातलेल्या. पुढच्या दोन्ही आर्मला बोटीचा जाड दोर गुंडाळलेला आणि अख्खी आळी तो दोर ओढतेय! पोरं, बायका, ती आत्यासुद्धा. सगळ्यांत पुढे धनेशचे वडील, म्हातारा नाखवा, बोट वर काढावी तसा ओरडत होता, "हैसाऽऽ!"

इंजिन बंद. धनेश स्टिअरिंगवर, राजासारखा.

"धनेऽऽश!" मी किंचाळले.

"काय झालं ताई? फाटकाच्या उंबऱ्याला पोट टेकतं हिचं. रोजच वडतो."

"रोज? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी चालवताना काय होतं त्ये इचारलं. वडताना कुटं इचारलं?"

मी घाबरून यासीनभाईंकडे बघितलं. वाटलं, आता ते याला दोरानेच बांधणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी कुर्त्याच्या बाह्या दुमडल्या, सरळ जाऊन नाखव्याच्या पुढे दोर धरला आणि ओरडले, "जोर से! और जोर से!"

कटाक्!

डावं चाक आडवं झालं. यासीनभाई इस्त्रीच्या कुर्त्यानिशी धुळीत पालथे पडले आणि गाडीखाली डोकं घातलं. माझा जीव टांगणीला.

मग खालून आवाज आला, "पाइप तुटला! बाजूचा पाइप! माझा जोड तसाच आहे! बेटा, फोटो काढ, फोटो!"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. फोटो सगळे हलले.

नाखव्याने तुटक्या आर्ममधून दोर सोडवला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची बाजू नीट दाबून बघितली आणि म्हणाला, "पुडून कमजोर हाय. उद्यापासनं मागनं बांदू."