वीस मिनिटं

एटापल्लीत चाचांच्या गॅरेजात नव्याने बांधलेलं इंजिन सुरू झालं की जवळ जायला कुणालाही परवानगी नव्हती. मालक हार-नारळ घेऊन उभा असला तरी नाही. चाचा ॲक्सिलरेटर दाबून धरत, मधूनमधून कमी-जास्त करत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहत. पूर्ण वीस मिनिटं. "देव थांबते, कॅम नाई थांबत," म्हणत.

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्या उंचवट्यांवर तेल खालून उडून पडतं, हे मला त्यांनीच समजावलं. इंजिन मंद चाललं तर तेल उडत नाही, आणि नवा कॅम पहिल्याच दिवशी घासला जातो.

आमच्या संस्थेची जुनी जीप आसपासच्या गावांतल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेते. तिचं सगळं चाचाच बघत. मी प्रत्येक कामाची यादी करते, याची त्यांना गंमत वाटे. "बाई, त्या कागदालेबी ग्रीस लावा, घासून जाईन."

मागच्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चंद्रपूर. मधल्या दिवसांत, सुजलेले पाय स्टुलाखाली सोडून, त्यांनी आमचं इंजिन बांधलं. या मॉडेलचा कॅम आता येत नाही. चंद्रपूरच्या एका जुन्या दुकानात पडून असलेला एकच मिळाला. त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर त्यांनी बोटाने काळं ग्रीस लावलं. "हे शेवटचं, बाई. मंग कुलूप."

इंजिन सुरू करायच्या आदल्या दिवशी त्यांना दवाखान्यात भरती केलं. त्या आठवड्यात गावांतल्या दोन गरोदर बायांचे दिवस भरले होते, थांबता येत नव्हतं. चाचांनी फोनवर सात गोष्टी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. पाचवी अशी: सुरू झाल्यावर मंद करायचं नाही, कोणी काही म्हणो.

दुसऱ्या दिवशी मी इंजिन सुरू केलं. चौथ्या मिनिटाला जीपची पूजा करायला बायका आल्या. नारळ, कुंकू, कडेवर पोरं. त्यातली दोन पोरं याच जीपमध्ये जन्मली होती. आवाजाने ती रडायला लागली. सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "जराशी हळू कर न बाई. लेकरं भेवून राह्यले."

मी पाय उचलला. पूजा दहा मिनिटं चालली. मग उरलेली सोळा मिनिटं मी नेमाने पूर्ण केली आणि पाचव्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

आठवड्याच्या आत इंजिनात टिकटिक सुरू झाली. काढलेल्या तेलात घासलेल्या धातूची चांदीसारखी चमक होती. मी फोन बॉनेटपाशी धरला. पलंगावरून चाचांनी बराच वेळ ऐकलं.

"हळू केली होती का?"

"हो."

"नारळ?"

"हो."

"किती बाया होत्या?"

"अकरा."

"मंग काय करता. मीबी केली असती."

त्यांनी केली नसती. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर ते घरी आले नाहीत. जीप त्यांच्या बंद गॅरेजसमोर उभी आहे. बाया आता मोटरसायकलवर, दोघांच्या मध्ये बसून, लोहखनिजाच्या ट्रकांमधून वाट काढत दवाखान्यात जातात. काही पोचत नाहीत.

तो कागद माझ्या फाइलीत आहे. सातही ओळींसमोर बरोबरची खूण आहे.