फळ्यावरचे पाच

त्या दुष्काळात मी नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो आणि सदा दमलेला असायचो. पहाटे पाण्याच्या रांगेत उभं राहायचं, दोन हंडे घरी पोचवायचे, वर रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे तासही घ्यायचे. चिडचिड तर विचारू नका.

नैसर्गिक लॉग शिकवत होतो. गुणाकाराच्या लॉगची बेरीज होते, भागाकाराच्या लॉगची वजाबाकी, आणि घातांक पुढे येतो, म्हणजे e³ चा लॉग 3. नियम एवढेच. फळ्यावर ln(e³ + e²) लिहिलं आणि पेंगत पेंगत खाली 3 + 2 = 5 लिहून मोकळा झालो. बेरजेचा लॉग असा फुटत नाही, हे आदल्याच दिवशी मी बजावलं होतं. मागून एक हात वर झाला. पाथर्डीकडचा, लग्न झालेला, जवळजवळ माझ्याच वयाचा विद्यार्थी होता. शंका नंतर, आधी उतरवून घ्या, म्हणून मी खेकसलो. सरांना दुसऱ्यांदा विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तो खाली बसला.

चाचणीत मी तेच गणित घातलं. चाचणीत नापास झालेल्याचा वार्षिक परीक्षेचा फॉर्म कॉलेज पाठवत नसे. फॉर्म गेला नाही तर शिक्षण बंद आणि दुष्काळी कामावर खडी फोडायची, असं त्या पाथर्डीकडच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. पेपर तपासायला बसलो तर सगळ्यांचं उत्तर पाच. डोकंच फिरलं. भराभर फुल्या मारल्या आणि यादी लावली. बाकीचे कसेबसे तरले, तो तेवढा तीन मार्कांनी गेला.

पेपर परत वाटायला काढले तेव्हा कुठे त्याचा पेपर मी नीट पाहिला. त्यानं e² सामाईक काढून 2 + ln(e + 1) हे बरोबर उत्तर आणलं होतं. मग त्यावर रेघ ओढून खाली पाच लिहिले होते. पुढच्या बाकावरची एक वही मागून घेतली. तिच्यात माझाच फळा उतरलेला होता. मला माझी लाज वाटली.

प्राचार्यांकडे गेलो, तर फॉर्मची मुदत आदल्या दिवशीच संपलेली. मग सायकल काढून खडीच्या कामावर गेलो. तो रस्त्याकडेला हातोडा घेऊन बसला होता. बरोबर आलेलं का खोडलं, असं मी विचारलं.

"फळ्यावर तुमी लिव्हलं हुतं, सर. म्हनलं, माजंच काय तरी चुकत आसंल."

चूक माझी होती, असं मी सांगितलं. मुदतीचंही सांगितलं. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"मंजी माजं बरुबर हुतं?"

मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली, पुढचा दगड जवळ ओढला आणि हातोडा उचलला. त्याच्याशेजारी बसावं, असं फार वाटलं. पण तेवढं तोंड मला उरलं नव्हतं. सायकल हातात धरून मी तसाच उभा राहिलो.