खडखडणारा कीबोर्ड

विनिताची खरेदी म्हणजे दुकानदाराची परीक्षा. टेमघरची ही सून भेंडी घेतानासुद्धा एकेकीचं टोक मोडून बघायची, मग कीबोर्ड सहज सोडते होय? धामणकर नाक्याजवळच्या दुकानात तिने दुकानदार भाविककडून सगळे खोके उघडून घेतले आणि प्रत्येकावर बोटं चालवून पाहिली.

वडप्याच्या गोदामात आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी करणं हे तिचं काम. काचबिंदूने सासूबाईंची, जानकीबाईंची, नजर गेली, तेव्हा शेठच्या मागे लागून लागून तिने ते काम घरी आणलं. कॉम्प्युटर गोदामाचा होता, पण जुन्या कीबोर्डची बटणं अडकायला लागली होती आणि नवा आपल्याच खर्चाने घ्यायचा होता.

"आकडे जास्त मारता ना ताई? मग उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला घ्या," भाविक म्हणाला. "आणि वायरवालाच घ्या, सेल बदलायची कटकट नाही. हा सगळ्यात स्वस्त, पण खडखडतो. हा थोडा महाग, पण बिलकूल आवाज नाही."

विनिताने बिनआवाजाचा घेतला. कॉम्प्युटर जानकीबाईंच्या खाटेला लागूनच होता, त्यांची दुपारची झोप मोडायला नको. सुनेला सासूचा एवढा पुळका कशाला, असं म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू दे, या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं.

पहिल्याच दुपारी हाक आली, "विनिता, हायस का गो?"

"हाय ना, आई. झोपा तुम्ही."

थोड्या वेळाने पुन्हा तीच हाक. मग पुन्हा. नोंदी चुकायला लागल्या तसा विनिताचा पारा चढला. "किती वेळा सांगू? हितंच हाय!" ती फटकन बोलून गेली. त्यानंतर हाक आली नाही. ती खाली मान घालून कामाला लागली.

मान वर केली तर खाट रिकामी. जानकीबाई भिंत चाचपडत दारापर्यंत पोचल्या होत्या आणि त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर लोंबकळत होता. विनिताने धावत जाऊन त्यांना धरलं.

"कुठं निघालात, आई?"

"तुला शोधाया. तुजा आवाजच न्हाय. मना वाटला, रागावून गेलीस."

विनिताला रडूच कोसळलं. जानकीबाईंचा जन्म घरामागे तेव्हा खडखडणाऱ्या लूमसाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला होता. लूमवाल्यांची झोप उलटी असते. लूम चालू तोवर गाढ, बंद पडला की खडबडून जाग. धागा तुटला असेल, नाहीतर माणसाला काही झालं असेल. या घरात शांतता कधी चांगल्या कामाला आलीच नव्हती, आणि तिने तर ती विकत आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पुन्हा दुकानात गेली.

"आवाज करतो म्हणून लोक परत आणतात, ताई," भाविक चक्रावला. "आणि तुम्हाला खडखडणारा पाहिजे?"

"हो. तुझ्याकडचा सगळ्यात बडबड्या दे."

त्या दुपारी खडखड सुरू झाली. जानकीबाईंनी कूस बदलली, हात उशाखाली घेतला आणि एकही हाक न मारता त्या झोपी गेल्या. कपाळावरची आठीसुद्धा गेली होती. विनिता अधूनमधून त्यांच्याकडे बघत नोंदी मारत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि जानकीबाईंच्या पापण्या हलल्या. विनिताने एका हाताने कीबोर्डच्या खोक्याचा पुठ्ठा उचलून त्यांना वारा घालायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हाताने ती बंद कॉम्प्युटरवर भराभर आकडे मारत राहिली.