दोन लोढणी

धारूरच्या घाटाखाली आमच्या परसाला लागून एका मेंढपाळाचं घर होतं. त्याच्या हातात सदा लोकर कातायची चाती फिरायची, आणि काहीही बोला, उत्तर एकच: "बघू की, मालक." त्याच्या मोकाट कुत्र्यानं माझ्या दोन कोंबड्या नेल्या, तेव्हाही तेच. मी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाकडं फिर्याद करायची धमकी दिली. चाती थांबली नाही.

एका सकाळी कुत्रं कुंपणाशी दिसलं. मी वीरासारखा कुऱ्हाड आणायला घरात धावलो आणि परसाचं कवाड उघडंच टाकलं. परतलो तर चार दिवसांच्या करडाची मान कुत्र्याच्या जबड्यात! मी कुऱ्हाड उगारली.

"हलू नगा! हिसका बसला तर मान तुटंल," म्हणत मेंढपाळ आला, कुत्र्यापुढं बसला आणि आपलं मनगट त्याच्या दातांत हळूच सरकवलं. जबडा सैल झाला. करडू ओरडत शेळीकडं पळालं. मनगटातनं रक्त गळत होतं.

संध्याकाळी तो ओढाळ गुरांना बांधतात तसली दोन लाकडी लोढणी घेऊन आला. एक कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं. दुसरं माझ्या कवाडाला टांगलं.

"वजनानं आपसूक लागंल आता, मालक."

टांगण्याआधी मात्र त्यानं माझ्या गळ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं होतं.