डॉक्टरसाहेबासाठी नेलेला गूळ

वडील लढाईवर गेले आणि आमच्याकडं मोट हाकायला माणूस उरला नाही. आई स्वतः हाकू लागली. आष्ट्याच्या शिवारात बाईनं मोट हाकलेली कुणी बघितली नव्हती. लोक बांधावर उभं राहून हसायचे. मग एक बैल मेला, मोट थांबली, आणि आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊ लागली. माझी शाळा मात्र तिनं सुटू दिली नाही.

म्हणूनच लष्कराचं पत्र मी वाचलं. वडील जखमी होऊन आले होते, साताऱ्याच्या लष्करी दवाखान्यात होते. दवाखान्याला एका गोऱ्या डॉक्टरचं नाव होतं.

"सायेब भला दिसतोय," आई म्हणाली. "आपल्या दवाखान्यात ठिवून घेतलं." तिनं साहेबासाठी फडक्यात गूळ बांधला. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आम्ही साताऱ्याला गेलो.

वडिलांनी आम्हाला ओळखलं नाही. तापात ते आईला "हवालदारसाब" म्हणाले. पायाला जो वास येत होता, तो अजून माझ्या नाकात आहे.

तिथला तरुण डॉक्टर मराठी होता. "बाई, विष वर चढतंय. संध्याकाळच्या आत पाय काढायला हवा. कागदावर अंगठा द्या."

"ज्येच्या नावाचा दवाखाना, त्यो सायेब कुठं हाय?" आई म्हणाली. "त्येनं बघू द्या, मग देते. न्हाईतर मी ह्यास्नी घरी न्हेते."

"ते आता नाहीत, बाई."

"येतील की. आमी बसतो."

डॉक्टरला दुसरीकडं बोलावणं आलं. मेढ्याचा एक शिपाई तिथं रुग्णांचं बघायचा. तो मला हळूच म्हणाला, "पोरी, वाचता येतंय न्हवं? दारातला दगड वाच जा."

दगडावर इंग्रजीखाली मराठीत कोरलं होतं. प्लेगात छावणी रिकामी झाली, तरी हा डॉक्टर आजारी शिपायांजवळ राहिला. शेवटी प्लेगानंच गेला. पुढं दवाखान्याला त्याचं नाव दिलं.

आम्ही मेलेल्या माणसाची वाट बघत बसलो होतो. सांगितलं तर आई वडिलांना उचलून नेईल. नाही सांगितलं तर ती बसूनच राहील. साहेब सुट्टीवर गेलाय, असं खोटं बोलायचंही मनात आलं. पण बोलताना खरं तेच तोंडातून निघालं.

आईनं वळून दाराकडं बघितलं.

"सगळी पळाली, आन् ह्यो ऱ्हायला?"

"व्हय. तसंच लिवलंय."

"प्लेगात आमी रानात झोपड्या घातल्या," ती म्हणाली. "आजीला गाठ आलती. तिला घरातच ठिवून आलो. मी ल्हान होते, पर तिची हाक ऐकली होती." मग तिनं डोळे पुसले. "कागद आण जा."

तिनं अंगठा दिला, तेव्हा मनगट मी धरलं होतं. वडिलांना आत नेलं. आईनं गूळ त्या दगडाखाली ठेवला.

"आक्का, मुंग्या लागतील," शिपाई म्हणाला.

"लागू द्यात. त्येंच्याबी तोंडाला गोड."

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी रडलो असतो.

वडिलांचा पाय गेला, जीव राहिला. पुढं त्यांनीच मला सांगलीच्या कॉलेजात आणून सोडलं, कुबडी टेकत. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली.