दोन ते आठ अंशांतल्या गिरिजाक्का

पुण्याहून थर्माकोलचा खोका आला की गिरिजाक्का तो आधी गालाला लावायच्या. आत तापमान मोजणारं यंत्र असायचं, ते त्या नंतर बघत. "यंत्र खोटं बोलत नाही, सर. पण त्याला विचारेपर्यंत माझ्या गालाला कळलेलं असतंय," म्हणायच्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगात पांढरा कोट, आणि फोनवर एका दमात अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

आमच्या शहरातल्या भवानी पेठेत, त्यांच्या दुकानात खोकल्याचं औषध मागितलं तर अक्का समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. त्यांच्याकडे यायची ती दुर्मीळ, नाजूक औषधं. माणसाच्या नावावर मागवलेली, दोन ते आठ अंशांत सांभाळायची, न हलवता न्यायची. औषध हातात दिलं म्हणजे त्यांचं काम संपत नसे. टोचलं का, ताप आला का, पुढचं कधी मागवू, हे सगळं फोन करून विचारत. "ही औषधं पाहुण्यासारखी असतात. घरात आणलं की बघावं लागतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोला, सुनंदाला, रक्ताचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दर पंधरवड्याला एक इंजेक्शन सांगितलं, आणि मी अक्कांच्या बाकावर बसू लागलो.

मी शाळेत सामान्य विज्ञान शिकवतो. पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचं पुन्हा पाणी होतं, पदार्थ तोच राहतो, हे मी बावीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलंय. त्यामुळे पहिलं इंजेक्शन घरी नेताना अक्कांचं मी निम्मंच ऐकलं. थंड ठेवायचं ना, मग चांगलं थंड ठेवू, म्हणून ते थेट बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे. सकाळी बघतो तर दगड. तरी घाबरलो नाही, विज्ञान पाठीशी होतं. टेबलावर ठेवून वितळवलं. पुन्हा काचेसारखं स्वच्छ. दहा वाजता नर्सबाई टोचायला येणार होत्या. साडेनऊला अक्कांचा फोन आला.

कुठं ठेवलं होतं, त्यांनी विचारलं. फ्रिजमध्ये, मी म्हणालो.

"फ्रिजमध्ये कुठं?"

मी गप्प. वर्गात असा गप्प झालेला मुलगा मी लगेच ओळखतो. अक्कांनीही ओळखला.

"टोचू नका, सर. गोठलेलं औषध वितळतंय, पण जागं होत नाही. नुसतं दिसतंय तसं."

रागावल्या नाहीत. दुसरं मागवलं, ते यायला चार दिवस लागले. वहिनींनी विचारलं तर तुम्हीच सांगा, मी खोटं बोलणार नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं. सुनंदानं विचारलं. मी म्हणालो, पुण्याहून गाडी चुकली.

त्या चार दिवसांनी काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढं पावणेदोन वर्षं ती होती. मग गेली. ते चार दिवस माझ्याजवळच राहिले.

फ्रिजमध्ये तिचं एक इंजेक्शन उरलं होतं. तेरावं झाल्यावर ते नीट गार पिशवीत घालून अक्कांकडे घेऊन गेलो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढाच विचार. बाकावर अक्कलकोटकडची एक मावशी बसली होती. तिचंही इंजेक्शन हेच, आणि ते पुण्याहून निघून वाटेत कुठंतरी अडकलेलं. तिची नजर माझ्या पिशवीवरून हलेना.

अक्का म्हणाल्या, दुकानातून एकदा गेलेलं औषध दुसऱ्याला देता येत नाही, हे आता नष्ट करायला जाईल. मी चिडलो. डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय, म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का?

"आहे की. पण ज्याला टोचायचं त्यानं तुमचा फ्रिज बघितलेला नाही."

"मला द्या की, अक्का," मावशी म्हणाली. "तसंच हाय की ते."

अक्कांनी मावशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग मीच मावशीला सांगून टाकलं. बर्फाचा कप्पा, मटार, वितळून काचेसारखं स्वच्छ झालेलं औषध, आणि अक्कांचा फोन आला नसता तर मी तेच बायकोला टोचू दिलं असतं, हेही. तेसुद्धा असंच दिसत होतं, म्हणालो.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "वैनीन्ला सांगितलं व्हतं का तुमी?"

"नाही."

तिनं शेजारची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा केली. अक्कांनी पुण्याला फोन लावला. मावशीचं औषध उद्या सकाळपर्यंत पोचतंय, असं तिकडच्या माणसाकडून तीनदा वदवून घेतलं, मगच फोन ठेवला.

मी निघालो तेव्हा त्या पायरीपर्यंत आल्या. दुसरे दुकानदार गिऱ्हाइकाला 'परत या' म्हणतात. अक्का नुसत्याच उभ्या राहिल्या.

"आता हिकडं येऊ नका, सर," म्हणाल्या, आणि कोटाची बाही डोळ्यांना लावली.

मी गेलो नाही. भवानी पेठेत काही काम निघालं, तरी मागच्या बोळातून जातो.