तांडेलबाईंची पंगत

तांडेलबाई शिक्षकांच्या खोलीत शिरायच्या त्या चपला हातात घेऊनच. मनोरीच्या धक्क्यावर बोटीत चढताना भिजलेल्या चपला खिडकीत वाळत ठेवायच्या आणि मला विचारायच्या, "काय गं लीला, आज किती मुद्दे?"

मीरा, बोरिवलीच्या त्या शाळेत आम्ही दोघी नववीला इतिहास शिकवायचो. माझ्या वह्या आखीव, प्रत्येक धड्याचे बारा मुद्दे. हसण्याचा आवाज मात्र त्यांच्या वर्गातून यायचा. मला तो सहन व्हायचा नाही.

एकदा दाराआड उभी राहून ऐकलं. धडा एलिझाबेथ राणीचा. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि राणीला दोघांना एकाच चर्चमध्ये आणायचं होतं. बाई सांगत होत्या, "माझी सासू माळकरी, मासळीच्या वासानं पानावरून उठणारी. सासऱ्यांना बांगड्याशिवाय घास उतरत नाही. मी पंगत एकच ठेवली. आधी सासूचा श्लोक, मग सासऱ्यांचा बांगडा. दोघं कुरकुरतात, पण पान सोडून कोण उठत नाही. राणीनं तेच केलं. प्रोटेस्टंटांसाठी प्रार्थना नवी, इंग्रजीतली. कॅथलिकांसाठी पाद्र्याचा झगा जुना. मनातलं विचारायचं नाही रे. पानावर बसलात ना? बस!"

"इतिहासाच्या तासाला मासे शिजतात," अशी तक्रार मी मोठ्या बाईंकडे केली. त्या जाऊन मागच्या बाकावर बसल्या आणि दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या, "तुम्हीही एकदा बसा त्यांच्या तासाला."

तक्रार कुणाची, हे तांडेलबाईंना कळलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "घे गं, बांगडा नाय, भेंडी आहे." विचारलं काहीच नाही. त्यानं तर मी आणखी जळले.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. मी मनोरीला जाऊन आले.

आणि रविवारी तू फोनवर नेमका हाच धडा विचारलास. माझ्या तिसऱ्या मुद्द्याला तू जांभई दिलीस. मग मी पंगत सांगितली. तू खळखळून हसलीस. "आजी, हे तू शोधलंस?"

मी म्हटलं, "हो."

त्या गेल्यावरसुद्धा त्यांच्या वर्गातलं हसू मला हवं होतं, बाळा. ती पंगत तांडेलबाईंची. वर्गात सांगशील तेव्हा त्यांचं नाव घे.

माझे बारा मुद्दे सोबत जोडले आहेत. वाचलेस तर मला बरं वाटेल.